जुनं हॉटेल, नवी चित्रं: काम कुठून सुरू करायचं

फोन बहुतेक वेळा असाच येतो. "आमचं हॉटेल आजोबांपासूनचं आहे. आतून जरा बदलायचंय. भिंतींवर चांगली पेंटिंग, लाइट वगैरे. दिवाळीच्या आत होईल का?"

दिवाळीच्या आत होत नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत होतं, आणि तेही आत्तापासून नीट क्रमाने गेलात तर. छत्रपती संभाजीनगर, पैठण, उदगीर, नांदेड या पट्ट्यातली जुनी हॉटेलं आणि खानावळी दगड-चुन्याच्या, कधी दगड-मातीच्या भिंतींत उभ्या आहेत. वर सागवानी तुळया आणि माळवद (मातीचं सपाट छत), खाली शहाबादी फरशी. या इमारतींचं वागणं सिमेंटच्या गाळ्यासारखं नसतं. हे ध्यानात न घेता चित्रं लावायला गेलं की पहिल्याच पावसाळ्यात चित्रही जातं आणि भिंतही.

मी गेली काही वर्षं हीच कामं करतो. पहिल्यांदाच असं काम काढणाऱ्या मालकासाठी किंवा नव्याने या धंद्यात आलेल्या इंटिरियरवाल्यासाठी हे लिहितोय. सगळ्या लेखातून एकच नियम उचलायचा असेल तर हा उचला: जे काही लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे, आणि काढल्यावर खालची भिंत होती तशी मिळाली पाहिजे.

पायरी १: आठ दिवस नुसतं बसा

मोजपट्टी आणू नका. सकाळी सहाला भट्टी पेटते तेव्हापासून रात्री शटर पडेपर्यंत वेगवेगळ्या वेळी जाऊन बसा. कोण कुठे बसतं, कुठल्या टेबलावर ऊन येतं, कुठल्या कोपऱ्यात पंखा असूनही घाम येतो, वेटरची वाट कुठून जाते हे सगळं वहीत उतरवा.

भिंतीला लागून बाकडी असतील तर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला एक काळपट पट्टा दिसेल. वर्षानुवर्षं डोकी टेकून टेकून मुरलेलं ते खोबरेल आहे. जमिनीपासून साधारण साडेतीन ते चार फुटांवर असतो. हा पट्टा मोजून ठेवा. कुठलंही चित्र त्याच्या वरूनच सुरू होणार आहे, आणि त्या पट्ट्याचं काय करायचं हे नंतर ठरवायचं आहे.

जुन्या गिऱ्हाइकांशी बोला. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीजवळच्या एका हॉटेलात मी असा बसलो होतो तेव्हा रोज साडेसातला येणारे एक रिटायर मास्तर मला म्हणाले, "भिंत रंगवा नाहीतर पाडा, आपल्याला काय करायचंय. पण माझं बाकडं हलवू नका बरं का." शेवटी सगळं काम त्या बाकड्याला धरूनच आखलं. आजही मास्तर तिथेच बसतात, डोक्यावर सहा फुटी कॅनव्हास आहे आणि त्यांनी त्याबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर काढलेलं नाही.

पायरी २: कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून लवकर उरकतो. पण गाळू नका.

जागा स्वतःची आहे की भाड्याची? जुन्या बाजारातली निम्मी हॉटेलं पागडीवर किंवा जुन्या भाड्यावर आहेत. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर ते जागा खाली करायला लावण्याचं कारण ठरू शकतं. लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, धुराची चिमणी अशी काही कामं त्यातून वगळली आहेत. तरीही एका पानाचं संमतीपत्र घेऊन ठेवा, वाद होतो तो नेमका काम अर्ध्यावर आल्यावर.

दुसरं, जवळ संरक्षित स्मारक आहे का? केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. दुरुस्तीलासुद्धा परवानगी लागते. खुलताबाद, दौलताबाद किंवा बीबी का मकबऱ्याच्या आसपास असाल तर हे तुम्हाला लागू होण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय महापालिकेच्या वारसा यादीत तुमची इमारत आहे का ते विचारा. "आतलंच काम आहे, कोण बघतंय" असं म्हणून सुरुवात करू नका.

तिसरं म्हणजे जुने कागद. १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं आणि सरकारी कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळे खरेदीखत, परवाना, नकाशा हे उर्दूत असू शकतं, काही मोडीत. माळ्यावरची ट्रंक उघडा आणि वाचणारा माणूस शोधा. एका ठिकाणी अशा कागदातून कळलं की आत्ताचा भटारखाना हा मुळात उघडा चौक होता. छप्पर नंतर टाकलेलं. सगळ्या ओलीचं मूळ तिथेच निघालं.

पायरी ३: खरवडण्याआधी खिडक्या उघडा

रंगाऱ्याला पत्रा देऊन "सगळं घासून काढ" म्हणायची घाई होते. थांबा. प्रत्येक भिंतीवर दोन-तीन ठिकाणी तळहाताएवढा चौकोन, म्हणजे खिडकी, घ्या आणि तिथला रंग थराथराने सोडवा. वरचा डिस्टेंपर, खालचा ऑइल पेंट, त्याखाली नीळ घातलेला चुना, त्याखाली निरूचा (बारीक चुन्याचा) गुळगुळीत हात. प्रत्येक थराची एक पायरी उघडी ठेवा आणि फोटो काढा, शेजारी पट्टी धरून.

हे काम कोरडं करू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून आली, त्याआधीच्या थरांबद्दल काहीच सांगता येत नाही. भाग ओला करून सोडवायचा, तोंडाला चांगला मास्क, आणि त्या वेळी शेजारी भजी तळली जात नाहीत याची खात्री. खाली अंथरलेलं प्लास्टिक गुंडाळून बाहेर न्यायचं, झाडायचं नाही.

मघाच्याच गुलमंडीच्या हॉटेलात गल्ल्यामागच्या भिंतीवर मी असा चौकोन उघडत होतो. हिरव्या ऑइल पेंटखाली पांढरा चुना आला आणि चुन्यावर काळी रेघ. आधी वाटलं तडा आहे. ओला कापूस फिरवला तर रेघेला गोलाई आली. अजून चार बोटं पुढे गेल्यावर कुंचल्याने लिहिलेलं "चहा" आणि शेजारी उर्दूत तेच. पुढे आकडा होता आणि "आणे". नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, म्हणजे पाटी बहुधा त्याआधीची. तिथले आणे भारताच्या रुपयाचे होते की हैदराबाद संस्थानच्या हाली रुपयाचे, यावर मालक आणि मास्तरांची अर्धा तास वादावादी झाली. तोवर माझा चहा गार.

ती पाटी आम्ही पूर्ण उघडली नाही. दीड फूट बाय एक फूट एवढीच मोकळी केली आणि बाकीची रंगाखाली राहू दिली. त्या भिंतीवर कुठलंही नवं चित्र लावलेलं नाही. हॉटेलात येणारा नवा माणूस आधी तिच्यासमोरच उभा राहतो.

पायरी ४: ओल

इथे जास्त वेळ घालवा. पैसेही. एकूण खर्चाचा निम्मा भाग भिंत, छत आणि वायरिंगला जाणार हे मालकाला पहिल्याच बैठकीत सांगून टाका. त्याला ते आवडणार नाही.

जुनी भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि दोन्ही अंगांनी ते हवेत सोडते. चुन्याचा गिलावा त्यात आडवा येत नाही. माझ्याबरोबर काम करणारे खुलताबादचे एक वयस्क मिस्त्री आहेत, ते म्हणतात, "साहेब, भिंतीला घाम यायला जागा पायजे." आपण काय करतो? खालच्या चार फुटांना टाइल्स, वर सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर ऑइल पेंट. पाण्याची वाट बंद झाली की ते वर चढतं आणि टाइल्सच्या वर बरोबर चित्राच्या उंचीला बाहेर पडतं. सोबत क्षार येतात. ते कोरडे होताना फुगतात आणि रंगाचा पोपडा ढकलतात. यालाच लोणा म्हणतात. लोण्यावर कितीही वॉटरप्रूफ रंग मारा, तो रंग घेऊनच खाली येतो.

मी स्वतः हे करून बसलोय. सुरुवातीच्या काळात एका खानावळीत वीस फुटी भिंतीवर म्युरल करून घेतलं. भिंत कोरडी दिसत होती, मार्च महिना होता. गिलाव्यावर पुट्टी मारली, प्रायमर, मग अ‍ॅक्रिलिक. चित्र उत्तम झालं होतं, एका तरुण मुलीने महिनाभर खपून काढलं होतं. सप्टेंबरात मालकाचा फोन आला की चित्रातली बाई "फुगायला लागलीय". जाऊन बघितलं तर खरोखर गालापासून खांद्यापर्यंत फोड होता, बोटाने दाबला की आत पोकळ वाजायचा. ते चित्र वाचवता आलं नाही. त्या मुलीला मी स्वतः फोन करून सांगितलं. तेव्हापासून उन्हाळ्यात भिंत बघून मी कुणालाही शब्द देत नाही.

तर भिंत बघायची ती श्रावण-भाद्रपदात. एक सोपी चाचणी आहे. दीड फुटी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंब आले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या अंगाला आले तर हवेतली वाफ आहे, म्हणजे भटारखान्याची वाफ बाहेर काढायची सोय नाही. दोन्हीचे उपाय वेगळे.

भिंतीतली ओल असेल तर आधी पाणी कुठून येतं ते शोधा. माळवदाचं पन्हाळ तुटलं असेल, बाहेरच्या गटाराची पातळी आतल्या फरशीपेक्षा वर गेली असेल (रस्त्यावर थरावर थर टाकत गेल्याने हे जुन्या बाजारात सगळीकडे झालंय), किंवा मोरीचा पाइप भिंतीत गळत असेल. दहातल्या आठ वेळा कारण या तिघांतलं निघतं. ते बंद केल्यावर सिमेंट काढा आणि भिंत वाळू द्या. कारागिरांचा अंदाज असा की भिंत महिन्याला साधारण एक इंच वाळते. जाड भिंतीला वर्षसुद्धा लागू शकतं. म्हणून मी पुढची दिवाळी म्हणालो.

नवा गिलावा चुन्याचाच. चुनकळी भिजवून निदान पंधरा दिवस मुरवलेली हवी, महिना-दोन महिने मुरली तर उत्तम. चुना एक भाग, वाळू आणि विटांची सुर्खी मिळून तीन भाग. जुने कारागीर गूळ, बेलफळाचं पाणी, हिरडा घालायचे, अजून काही जण घालतात. चिर पडू नये म्हणून तागाचे तंतू. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत, म्हणजे ही युक्ती आपल्याच डोंगरातली. एक काळजी घ्या: आपल्याकडच्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी खारट आणि जड असतं. ते चुन्यात वापरलं तर लोणा आपण स्वतःच भिंतीत भरतो. गिलाव्यापुरता गोड्या पाण्याचा टँकर मागवा.

गिलाव्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत चुना धरायच्या आत सुकतो आणि त्याची पूड होते. थंडीतही आठ-दहा दिवस ओली गोणपाटं लावून ठेवावी लागतात.

पायरी ५: छत आणि वजन

कलाकार उत्साहात येऊन म्हणतात, "वरून काहीतरी लोंबतं करू या." करा, पण आधी छत काय आहे ते बघा. माळवद म्हणजे तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर पाणी अडवणारी पांढरी माती. एक फूट मातीचा थर धरला तर शंभर चौरस फुटांवर चार टनांहून जास्त वजन आधीच आहे. दरवर्षी डागडुजीत वर नवी माती पडत गेली आणि जुनी कुणी काढली नाही, त्यामुळे काही ठिकाणी तो थर दोन फुटांवर गेलेला असतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-धाराशिवकडच्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती बहुतांशी या जड छतांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. अशी भिंत बाहेरून एक दिसते पण आत दोन पदर असतात, मध्ये भर. आरपार जाणारे लांब दगड नसतील तर हादऱ्याने दोन पदर सुटतात. म्हणून तीन गोष्टी. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय भिंतीला नवं भगदाड नाही, "दोन खोल्या एक करू" तर अजिबात नाही. अँकर फास्टनर ठोकून जड शिल्प टांगायचं नाही, कारण तो फुगून आतला पदर फोडतो. आणि वजनदार काम जमिनीवर स्वतःच्या चौकटीवर उभं राहील असं करून घ्यायचं, भिंतीने फक्त त्याला मागून टेकू द्यायचा. छतावरची जादा माती कमी करून घेतलीत तर तो सगळ्या कामातला सर्वांत उपयोगी खर्च ठरेल, आणि तो कुणालाही दिसणार नाही.

तुळयांना चकचकीत पॉलिश नको. धुराने काळं झालेलं सागवान कोमट पाणी आणि सौम्य साबणाच्या जवळजवळ कोरड्या फडक्याने पुसा, वाळल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा.

पायरी ६: धूर, वाफ, वायर

भट्टीवर नीट हूड आणि चिमणी, लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग पूर्ण बदललेलं, एमसीबी आणि आरसीसीबी (शॉर्टसर्किट झालं किंवा करंट गळला की वीज तोडणारे स्विच) बसवलेले. हे झाल्याशिवाय एकही चित्र आत येऊ देऊ नका. तळणीचं तेल हवेत तरंगत येऊन कॅनव्हासवर बसतं आणि त्यावर धूळ चिकटते. भटारखान्याच्या दारासमोरची भिंत तर रिकामीच ठेवा किंवा तिथे पुसता येणारं काम लावा.

पायरी ७: कलाकाराला आधी जेवायला बोलवा

न्यूयॉर्कला सीग्रॅम इमारतीत फोर सीझन्स नावाचं रेस्टॉरंट होतं. तिथल्या भिंतींसाठी १९५८ मध्ये मार्क रॉथको या चित्रकाराला काम दिलं. त्याने चित्रं रंगवली, मग १९५९ मध्ये बायकोबरोबर तिथे जेवायला गेला आणि ठरवलं की आपली चित्रं इथे लागायची नाहीत. पैसे परत केले. त्यातली नऊ चित्रं आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहेत. उलट अहमदाबादच्या लकी हॉटेलात हुसेन चहाला यायचे आणि त्यांनी दिलेलं चित्र तिथल्या भिंतीवर लागलं. मी यावरून एवढंच शिकलो की आगाऊ रक्कम देण्याआधी कलाकाराला चार वेळा जेवू घालायचं. दुपारच्या गर्दीत, नान खलियाच्या ताटावर, शेजारी कोणीतरी मोबाइलवर ओरडत असताना. ज्याला ती गर्दी आवडेल त्यालाच ते काम जमेल.

शोधायचं कुठे? छत्रपती संभाजीनगरात सरकारी चित्रकला महाविद्यालय आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा ललित कला विभाग आहे. त्यांची वार्षिक प्रदर्शनं बघायला जा. तिथे शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम बघून मी बरेच जण निवडले आहेत. पण "एक्स्पोजर मिळेल" म्हणून फुकट करून घेऊ नका. रंगाऱ्याला रोज देता, सुताराला देता, मग यालाच काय झालं?

विषय काय द्यायचा, यावर माझं मत जरा कडक आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आता पुरे. लॉजच्या लॉबीपासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे तो उभा आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं नाक वेगळं. बैलगाडीचं चाक, कंदील, डोक्यावर घागर घेतलेली बाई हेही पुरे. आजचा कलाकार बोलावलाय तर त्याला आजचं बघू द्या: टँकरची रांग, कापसाचे गाडे, एमआयडीसीतून सुटलेली पाळी, तुमच्या गल्ल्यावरची पन्नास वर्षांची उधारीची वही. एका ठिकाणी मुलाने नुसत्या चहाच्या बशांचे ठसे घेऊन आठ फुटी चित्र केलं, गिऱ्हाइकांनीच दोन महिने ठसे उमटवले. मला ते आधी कळलंच नव्हतं. आता त्या हॉटेलात गेलं की पहिलं तेच दिसतं.

पायरी ८: भिंतीवर नाही, भिंतीपुढे

आता नियमाकडे येतो. थेट भिंतीवर रंगवायचा मोह सगळ्यांना होतो, कारण ते "म्युरल" वाटतं. जुन्या गिलाव्यावर थेट रंगवू नका. चित्र चौकटीवर करा आणि चौकट भिंतीपासून एक-दीड इंच पुढे उभी करा. खाली-वर मोकळं ठेवा म्हणजे मागून हवा खेळेल. तेलाच्या पट्ट्याचंही उत्तर हेच: टाइल्सऐवजी सागाची किंवा चांगल्या प्लायची पाठ, भिंतीपासून सुटी, स्क्रूने काढता येणारी.

थेट भिंतीवर करायचंच असेल तर नव्या चुन्याच्या गिलाव्यावर, तोही दोन-तीन महिने वाळल्यावर. ताजा चुना तीव्र अल्कली असतो, बरेचसे तयार रंग तो खातो. गेरू, पिवळी माती, रामरज असे मातीचे रंग त्यात टिकतात.

वरून वॉर्निश मारू का, हा पुढचा प्रश्न. अजिंठ्याचं सांगतो. १९२० ते १९२२ दरम्यान निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले, सुटत चाललेली चित्रं पक्की करायला. त्यांनी चपडी लाखेचा वापर केला. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. पुढे लाख पिवळी पडली, काळवंडली, आणि ती उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची वर्षानुवर्षं गेली. त्याआधी नकला करायला आलेल्यांनीही काही ठिकाणी वॉर्निश फासलं होतं. इतक्या मोठ्या ठिकाणी हे झालंय, तर आपल्या पेंटरने "सर, एक कोट मारून टाकतो, चमकेल" म्हटल्यावर काय सांगायचं ते तुम्हाला कळलं असेल.

कापड वापरायचं तर हिमरू आहे, पैठणी आहे, पण ते काचेआड आणि भटारखान्यापासून लांब. उघडं ठेवलेलं रेशीम वर्षात तेलकट होतं. धातूचं काम हॉटेलात सगळ्यात निर्धास्त. उदगीरहून बिदर जवळ पडतं. तिथल्या बिदरी कारागिराला आणि इथल्या चित्रकाराला एकत्र बसवून केलेल्या काळ्या पट्ट्यांवरची चांदीची नक्षी मंद दिव्यात फार देखणी दिसते.

पायरी ९: दोन पानांचा करार

काम किती, कधी, पैसे किती हप्त्यांत हे तर हवंच. मी सुरुवातीला तीस टक्के, निम्म्यावर चाळीस आणि लावून झाल्यावर तीस असे देतो. पण खरा मुद्दा हक्कांचा आहे. लेखी काही ठरलं नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट काम देणाऱ्याकडे जातो. तरीही १९५७ च्या कायद्याच्या ५७ व्या कलमाने कलाकाराचा एक हक्क त्याच्याकडेच राहतो: कामावर त्याचं नाव असण्याचा, आणि कामाची मोडतोड होऊन त्याची अप्रतिष्ठा होत असेल तर दाद मागण्याचा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं म्युरल १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं, त्यात ते मोडलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्युरल त्यांना परत द्यायला आणि पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं. तेव्हा करारात स्पष्ट लिहा: हॉटेल बंद झालं, विकलं, भिंत पडली तर चित्राचं काय, मेनूकार्डावर, इन्स्टाग्रामवर फोटो वापरायचा का, खराब झालं तर दुरुस्ती कोण करणार. चौकटीवर काम केलेलं असेल तर यातले निम्मे प्रश्न आपोआप मिटतात, कारण ते उचलून नेता येतं.

पायरी १०: उंची आणि दिवे

गॅलरीत चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे पावणेपाच-पाच फुटांवर धरतात. हॉटेलात माणूस बसलेला असतो, त्याचे डोळे चार फुटांच्या आतबाहेर. म्हणून मध्य थोडा खाली आणा, पण खालची कड डोक्यांच्या वर. अडचण येईल. तिथे उभ्या चित्रापेक्षा आडवं चित्र कामाला येतं.

दिवे पिवळसर घ्या, २७०० ते ३००० केल्विन, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर असलेले. स्वस्त पांढऱ्या एलईडीत चित्र तर मरतंच, वरणही निळसर दिसतं. कापड आणि कागदावरच्या कामावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड नको, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. मोबाइलवर लक्स मोजायचं अ‍ॅप मिळतं, अंदाजापुरतं ते पुरे. आणि पश्चिमेच्या खिडकीचं ऊन चार वाजता कुठल्या भिंतीवर पडतं हे तुमच्या पहिल्या आठ दिवसांच्या वहीत असेलच.

काम करताना हॉटेल पूर्ण बंद ठेवू नका. अर्धं अर्धं करा. गिऱ्हाईक महिनाभर दुसरीकडे चहा प्यायलं की सवय तिकडची लागते.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी

टेबलं पुसणाऱ्या पोराला हाताशी घेऊन प्रत्येक चित्राजवळ जा. त्याच्या हातातलं ओलं फडकं चित्राला लागता कामा नये, आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने धूळ झटकायची, एवढंच शिकवा. हारवाल्याला चित्राच्या चौकटीत खिळा ठोकू देऊ नका, तो ठोकतो. अगरबत्ती गल्ल्याजवळच्या देवापाशीच.

मग पहिला पाऊस पडून पंधरा दिवस झाले की सकाळी हॉटेल उघडायच्या आधी जा आणि प्रत्येक चौकटीच्या मागे हात सरकवा. खाली, मध्ये, वर. भिंत नुसती गार लागली तर ठीक. बोटांना पीठ लागलं तर लोणा आलाय. चौकट उतरवून दुसऱ्या कोरड्या भिंतीला टेकवा, मिस्त्रींना फोन करा, आणि त्या जागेवरच्या बाकड्यावर बसणाऱ्या माणसाला आधी सांगून ठेवा.